अंगणात आलेली शाळा

मुंबईच्या भांडुप उपनगरात डोंगराच्या उतारावर घरांची मोठी दाटी आहे. सकाळ झाली, की तेथील अरुंद वाटांवर एकच लगबग सुरू होते. कोणी गाडी गाठण्यासाठी स्टेशनकडे धावत असतो, कोणी आई चार घरची कामे करण्यासाठी निघालेली असते. अशा वेळी दोन-चार चिमुरड्या मुलांना हाताशी धरून एखादी बाई शांतपणे चालताना दिसते. ती एका लहानशा खोलीपाशी थांबते. थोड्याच वेळात त्या खोलीतून गाण्याचा आवाज येऊ लागतो. तेथे फळा असतो; परंतु छडी नसते. मुले गातात, गोष्टी ऐकतात, चित्रे रंगवतात, खाऊ खातात आणि आपापल्या घरी जातात. ही असते त्या वस्तीची अंगणवाडी.

अंगणवाडी हा शब्द आज शहरात आणि खेड्यात सर्वांच्या तोंडी आहे. तो इतका ओळखीचा झाला आहे, की त्याचा जन्म कसा झाला, याचा विचार फारसा कोणी करत नाही. शाळा तर इमारतीत असते. मग ती अंगणात कशी आली? ती आणणाऱ्या थोर स्त्रीचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव केळकर आणि आईचे नाव उमाबाई. सदाशिवराव प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत अनुयायी होते. ज्या काळात मुलीने अक्षर ओळखले तरी पुष्कळ झाले असे बहुतेकांना वाटे, त्या काळात केळकरांच्या घरी मुलींच्या शिक्षणाला मान होता. ताराबाई बुद्धीने तल्लख होत्या. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी पदवी मिळवणाऱ्या स्त्रिया फार थोड्या होत्या.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. काही वर्षांतच पतिपत्नी विभक्त झाली. पदरी एक लहान मुलगी, डोक्यावर जबाबदारीचे ओझे आणि समाजाची तिरपी नजर अशा स्थितीत दुसरी एखादी स्त्री खचून गेली असती. ताराबाई खचल्या नाहीत. शिक्षण हाच त्यांचा आधार होता. राजकोट येथे शिक्षिका तयार करणारे बार्टन विद्यालय होते. तेथे त्या प्राचार्या म्हणून काम करू लागल्या. अशा जागेवर त्या काळी भारतीय स्त्री क्वचितच दिसे. नोकरी मानाची होती, वेतनही चांगले होते. आयुष्याची घडी नीट बसली, असे कोणालाही वाटले असते.

पण ताराबाईंच्या मनात वेगळेच विचार घोळत होते. लहान मुलांना शिकवण्याची त्या काळची रीत कशी होती, हे त्या रोज पाहत होत्या. घरात मुलाने प्रश्न विचारला, की त्याला गप्प बसवत. शाळेत पाठांतर चुकले, की छडी बसे. तीन-चार वर्षांच्या मुलाला काय कळते, असे मोठी माणसे म्हणत आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करीत. हे काही तरी चुकते आहे, असे ताराबाईंना वाटे; परंतु बरोबर काय, याचे उत्तर त्यांना सापडत नव्हते.

ते उत्तर त्यांना भावनगरला मिळाले. तेथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. ते मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे, याचा शोध घेता घेता त्यांच्या हाती डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे विचार आले, आणि त्यांनी वकिली सोडून दिली. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती या संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांची इतकी माया होती, की लोक त्यांना कौतुकाने मिशाळ आई म्हणत.

या माँटेसरीबाई इटली देशातील. त्या व्यवसायाने डॉक्टर होत्या. रोम शहरात सान लोरेन्झो नावाची गरीब मजुरांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले, की तेथील मुले जिन्यांवरून धावत, भिंती खराब करीत. त्या मुलांसाठी ६ जानेवारी १९०७ रोजी माँटेसरीबाईंनी एक बालगृह उघडले. मुलांच्या उंचीच्या खुर्च्या, मुलांच्या हाताला येतील अशी कपाटे आणि हाताळून शिकता येईल असे साहित्य त्यांनी तेथे ठेवले. थोड्याच महिन्यांत ती दांडगट समजली जाणारी मुले आपल्या कामात रंगून जाऊ लागली. मुलाला शिकण्याची उपजत ओढ असते, त्याला मोकळीक आणि योग्य साधने मिळाली म्हणजे ते आपणहून शिकते, हे साऱ्या जगाला दिसले.

भावनगरच्या बालमंदिराची माहिती मिळताच ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली. १९२३ साली त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. प्राचार्या असलेली स्त्री आता लहान मुलांबरोबर जमिनीवर बसू लागली. गोष्टी सांगू लागली, गाणी गाऊ लागली, मुलांची नखे कापू लागली. बालमंदिरात शिक्षेचे भय नव्हते, तसेच बक्षिसाची लालूचही नव्हती. तेथे ताराबाई सुमारे नऊ वर्षे राहिल्या. मुलाचे निरीक्षण कसे करावे, केव्हा मदत करावी आणि केव्हा दूर उभे राहावे, हे त्या तेथे शिकल्या. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा विचार आईबापांपर्यंत पोहोचावा, म्हणून गुजरातीत शिक्षणपत्रिका निघत होती. पुढे ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती चालवली.

त्यानंतर ताराबाई मुंबईस आल्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. शिक्षिका तयार करण्याचे कामही तेथे सुरू झाले. सुशिक्षित आईबाप मोठ्या विश्वासाने आपली मुले तेथे पाठवू लागले. शिशुविहाराचे नाव झाले. अनेक शिक्षिका तेथून शिकून बाहेर पडल्या आणि ठिकठिकाणी बालमंदिरे काढू लागल्या.

येथेही ताराबाईंना थांबता आले असते. वय पन्नाशीच्या घरात आले होते. कीर्ती होती, मान होता. परंतु एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. शिशुविहारात येणारी मुले कोणाची? ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, पोटभर अन्न आहे, आईबापांना वेळ आहे, त्यांची. मग ज्यांच्या घरी यातले काहीच नाही, त्या मुलांचे काय? माँटेसरीबाईंनी आपले काम गरीब वस्तीत सुरू केले होते. आपल्या देशात मात्र ते श्रीमंतांच्या आणि मध्यमवर्गाच्या अंगणातच अडकून पडले होते. याचे एक कारण म्हणजे खर्च. लाकडी दट्ट्यांच्या पेट्या, लहानमोठ्या ठोकळ्यांचा मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरे हे सारे साहित्य महाग होते. खेड्यातील शाळेला ते परवडणारे नव्हते. महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना देशापुढे मांडली होती. हाताने काम करता करता, आपल्या भोवतालच्या वस्तूंतून शिकावे, असा तिचा रोख होता. ताराबाईंना त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागले.

मुंबईच्या उत्तरेस समुद्राच्या काठी बोर्डी नावाचे गाव आहे. तेथे आचार्य भिसे हे शिक्षणाचे आणि आदिवासींच्या सेवेचे काम करीत होते. १९४५ साली ताराबाईंनी दादर सोडले आणि त्या बोर्डीस आल्या. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर एक तरुण सहकारी होती. तिचे नाव अनुताई वाघ. अनुताईंना अगदी लहान वयात वैधव्य आले होते. त्या जिद्दीने शिकल्या आणि पुण्यात शिक्षिका झाल्या. चाललेली नोकरी सोडून त्या ताराबाईंच्या हाकेला धावून आल्या, त्या कायमच्याच.

बालवाडी काढायची म्हणजे काय काय लागते? कोणी म्हणेल, चांगली इमारत लागते. कोणी म्हणेल, पैसा लागतो, खेळणी लागतात. ताराबाईंना अनुभवाने कळले, की पहिल्याप्रथम लागतो तो आईबापांचा विश्वास. केंद्राची जागा तयार होती, शिक्षिका तयार होत्या. पण गावातील सर्व मुले येईनात. गावाच्या एका कडेला, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची वस्ती होती. पलीकडे आदिवासींचे पाडे होते. तेथील मुले बालवाडीकडे फिरकत नव्हती. आईबाप दिवस उजाडताच मजुरीला जात. मुलांच्या अंगावर धड कपडा नसे. स्वच्छ जागेत, परक्या माणसांत जाण्याचे त्यांना भय वाटे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर उभे केले होते, ती माणसे एका बोलावण्याने जवळ कशी येणार?

अशा वेळी मुलांना आणि आईबापांना दोष देणे सोपे असते. या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणून मोकळे होता येते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेकडे येत नसेल, तर चूक शाळेची आहे, असे त्यांनी मानले. मग शाळेनेच मुलाकडे का जाऊ नये?

आणि खरोखरच शाळा निघाली. शिक्षिका सकाळी वस्तीत जाऊ लागल्या. बरोबर बादली, साबण, फणी, थोडे साहित्य आणि भरपूर गाणी. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. पहिल्या दिवशी मुले दारामागे लपली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. आया दुरून पाहत असत. आपल्या मुलाला ही शिकलेली बाई जवळ घेते, न्हाऊ घालते, त्याच्याशी हसून बोलते, हे त्या आपल्या डोळ्यांनी पाहत होत्या. जे शंभर भाषणांनी झाले नसते, ते त्या बादलीभर पाण्याने झाले. हीच अंगणवाडी. गावात एका ठिकाणी चालते ती केंद्रवर्ती बालवाडी, आणि वस्तीच्या अंगणात जाते ती अंगणवाडी, अशी दोन रूपे ताराबाईंनी सिद्ध केली.

साहित्याचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवला. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख आणि शिंपले हवे तितके होते. झाडांखाली बिया पडत होत्या, पाने होती, फुले होती, नदीनाल्यांत गुळगुळीत खडे होते. लहानमोठे खडे ओळीने लावले, की आकारमान समजते. शिंपले मोजले, की अंक समजतात. पानांच्या कडा बोटांनी चाचपल्या, की खरखरीत काय आणि मऊ काय, हे कळते. माती मळून फळे, भांडी, जनावरे करता येतात. माँटेसरीबाईंचे तत्त्व तेच राहिले. परंतु त्याला आपल्या मातीचा पोशाख मिळाला. जे साहित्य विकत घ्यावे लागत होते, ते आता मुले स्वतः वेचून आणू लागली.

१९४६ पासून काही वर्षे ताराबाई मुंबई राज्याच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. तथापि त्यांचे मन रमले ते मुलांतच. १९५७ साली त्यांनी आपले काम बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर नेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. टेकडीच्या आसपास वारली आदिवासींचे पाडे होते. वारली माणूस कष्टाळू. पण जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या ताब्यात गेलेल्या. १९४५ च्या सुमारास याच मुलखातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा दिला होता. वेठ बंद झाली, तरी दारिद्र्य एका दिवसात जाणारे नव्हते.

कोसबादला नवीन अडचणी उभ्या राहिल्या. आठ-दहा वर्षांच्या मुली शाळेत का येत नाहीत, याचा ताराबाई आणि अनुताई यांनी शोध घेतला. कारण साधे होते. आई कामावर गेली, की घरातील तान्हे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर येई. ते खाली ठेवून ती शाळेत येणार कशी? तिला हजेरीची सक्ती करून काय उपयोग? मग शाळेतच पाळणाघर सुरू झाले. बहिणीने येताना तान्ह्या भावंडाला घेऊन यावे. ते पाळणाघरात झोपेल, त्याहून मोठे भावंड बालवाडीत खेळेल, आणि बहीण प्राथमिक शाळेत शिकेल. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एका ठिकाणी आणणाऱ्या या योजनेला त्यांनी विकासवाडी असे नाव दिले. धाकट्यांची सोय झाली आणि त्याबरोबर थोरल्यांच्या पायांतील बेडीही गळून पडली.

मुलगे येत नसत, त्याचे कारण निराळे होते. ते सकाळीच गुरे घेऊन रानात जात. गुरे चारली नाहीत, तर घरी चूल पेटणे कठीण. तेव्हा शाळा त्यांच्या मागोमाग कुरणात गेली. गुरे चरत आहेत, झाडाच्या सावलीत मुले बसली आहेत आणि शिक्षक त्यांना शिकवीत आहेत, असे दृश्य कोसबादच्या माळावर दिसू लागले. तिला कुरणशाळा म्हणत. भोवतालची झाडे, पक्षी, गवत, ओहोळ हेच तेथील पाठ्यपुस्तक. ज्या मुलांना पुस्तकातले काही येत नाही असे समजले जाई, ती मुले रानातील कितीतरी वनस्पती ओळखत असत. त्यांच्या त्या ज्ञानापासूनच शिकवणीला आरंभ होई.

हे काम दिसायला लहान होते. त्यात जयघोष नव्हता, मिरवणुका नव्हत्या. रोज तीच मुले, तीच शेंबडी नाके, तेच पाणी आणि तीच फणी. पावसाळ्यात वाटा निसरड्या होत. पैशाची चणचण तर कायमचीच. कधी मुले जमत, कधी सारा पाडा मजुरीसाठी दूर निघून जाई आणि अंगण ओस पडे. परंतु ताराबाईंना धीर धरणे ठाऊक होते. बी पेरले, की ते लगेच उकरून पाहायचे नसते, हे मुलांच्या सहवासाने त्यांना शिकवले होते. त्या लिहीत राहिल्या, शिक्षिका घडवीत राहिल्या, दरवर्षी नव्या मुलांची नावे पाठ करीत राहिल्या.

देशाने त्यांच्या कार्याची कदर केली. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. कोसबादचे काम मात्र थांबले नाही. अनुताईंनी ते पुढे चालवले. १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनी मुलांची आणि आदिवासींची सेवा केली.

ताराबाई गेल्या त्याला दोन वर्षे होतात न होतात, तोच २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी देशातील ३३ ठिकाणी तिचा प्रयोग झाला. सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार मिळावा, त्यांना रोगप्रतिबंधक लसी टोचल्या जाव्यात, त्यांचे वजन घेतले जावे, त्यांच्या आयांना आरोग्याची माहिती मिळावी आणि खेळता खेळता मुलांच्या शिक्षणाला आरंभ व्हावा, ही त्या योजनेची उद्दिष्टे. वस्तीवस्तीत हे काम करणाऱ्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. भांडुपच्या डोंगरावरील ती लहानशी खोली त्यांतीलच एक.

त्या खोलीला अंगण असतेच असे नाही. शहरात जागेची टंचाई फार. कधी दारापुढची चार हातांची गल्ली हेच अंगण होते. पण ज्या बाई सकाळी घरोघर जाऊन मुलांना हाताशी धरून आणतात, त्या ताराबाईंच्याच वाटेने चालत असतात. एखादे मूल दोन दिवस दिसले नाही, तर त्या त्याच्या दाराशी जातात. ते का आले नाही, हे विचारतात. आई कामावर गेली असेल, मूल आजारी असेल, किंवा थोरल्या बहिणीलाच ते सांभाळावे लागत असेल. कारण कळले, की उपाय सुचतो.

मोठ्या इमारती बांधणाऱ्यांची नावे दगडावर कोरलेली असतात. ताराबाईंनी बांधले ते दगडाचे नव्हते. जे मूल दाराशी येऊ शकत नाही, त्याच्या दाराशी आपण जावे, एवढी एक साधी गोष्ट त्यांनी करून दाखवली. ती करण्यासाठी त्यांना मानाची नोकरी सोडावी लागली, दादरचे नावारूपाला आलेले काम मागे ठेवावे लागले आणि उतारवयात रानातल्या टेकडीवर संसार मांडावा लागला. त्यांनी ते आनंदाने केले. म्हणूनच आज सकाळी कोठेही, एखाद्या पाड्यावर किंवा चाळींच्या गर्दीत, लहान मुलांचे गाणे ऐकू आले, की त्या गाण्यात ताराबाईंच्या कष्टांचाही एक सूर मिसळलेला असतो.